पाहुण्याचा पाय

हवामान केंद्र, डोंगरमाथा
३ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

मी बरा आहे. तू बरी असशील.

एरवी माझं पत्र इथेच संपतं, पण या वेळी थोडं जास्त लिहायचं आहे. परवा सकाळी नेहमीसारखे वायरलेसवर आकडे वाचले. तापमान, दाब, वाऱ्याचा वेग, शेवटी आकाश. आकाशाला मी 'धुकं' म्हणालो आणि चहा ठेवायला वळलो, तर हातावर ऊन पडलेलं. लख्ख ऊन. मी बाहेर बघितलंच नव्हतं, ताई. आदल्या दिवशी धुकं होतं म्हणून तोंडातून धुकं आलं.

चूक लगेच दुरुस्त केली. खालच्या ऑफिसातला वायरलेसवाला हसला. म्हणाला, "काका, आपोआप आकडे पाठवणारं यंत्र बसलं की अशी चूक होणार नाही." यंत्राचं घोंगडं दोन वर्षं भिजत पडलंय हे तुला माहीत आहे. साहेबांना फक्त निमित्त हवंय. माझ्या हातून मोठी चूक झाली, किंवा मी आजारी पडून खाली उतरलो, की यंत्र वर चढलंच म्हणून समज. आणि मी खाली उतरून जाऊ कुठे? ही गेल्यापासून घर म्हणावं असं हेच.

पण खरी भीती यंत्राची नाही. मला बाहेर बघावंसंच वाटलं नाही, याची आहे. आकडे सोडून डोक्यात दुसरं काही येतच नाही. तू मोठ्या माणसांना कल्पनाशक्ती की काय ते शिकवतेस. मी तेव्हा हसलो होतो. माझ्यासारख्यासाठी काही असलं तर कळव.

जीप गुरुवारी येते. ड्रायव्हरचे गुडघे धरतात म्हणून तो शेवटचा चढ चढत नाही. खालीच दोरीच्या पेटीत सामान आणि पत्रं टाकतो, मी वरून चाक फिरवून ओढून घेतो. तेव्हा पत्र त्याच्या आधी ऑफिसात पोचेल असं टाक.

तुझा भाऊ


८ नोव्हेंबर

प्रिय ठोकळ्या,

पत्र दोनदा वाचलं आणि पाकीट उलटंपालटं करून बघितलं, म्हटलं चुकून दुसऱ्याच कुणाच्या भावाचं आलं की काय! "मी बरा आहे, तू बरी असशील" याच्यापुढे तू आजवर एक ओळ लिहिली नव्हतीस. मी बरी आहे हो. कंबर सोडून.

हसलास ते बरंच केलंस. माझ्या वर्गात येणारे सगळे आधी हसूनच येतात. ग्रंथालयाच्या वरची खोली, मोडक्या खुर्च्या, आणि त्यावर बसलेली माझी पोरं. एक दातांचे डॉक्टर आहेत, एक बसकंडक्टर, आणि एक हिशेबनीस बाई, ज्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "यात मार्क कसे देणार?" सगळ्यांची तक्रार तुझ्यासारखीच. लहानपणी खाटेचं जहाज व्हायचं, आता खाट ती खाटच. अरे, कल्पना म्हणजे काही दैवी देणगी नाही. पाय आखडतात तशी ती आखडते, आणि रोज चाललं की सुटते.

तर तुझा गृहपाठ. उद्यापासून टेबलावर दोन कप ठेव. एका खोट्या माणसाला राहायला बोलाव. तो तुझ्यासारखा नको, अगदी उलटा हवा. तो काय खातो, काय बोलतो, कशावर चिडतो ते मला लिही. "मला माहीत नाही" असं लिहायचं नाही, सुचेल ते ठोकून द्यायचं.

आणि वर्गाचा कायदा एकच. कुणीही कुणालाही "खरंच का?" असं विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. तो एक प्रश्न आला की मोठी माणसं गोगलगायीसारखी शिंगं आत घेतात. तेव्हा बिनधास्त लिही, मी विचारणार नाही.

तुझी ताई


१६ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

मी बरा आहे. तू बरी असशील.

पाहुणा आला. बँडवाला आहे. ट्रम्पेट वाजवायचा, ते पत्त्यांत हरला. जाड आहे, दुपारपर्यंत घोरतो, माझी साखर संपवतो. आकड्यांशी त्याचं वाकडं. एक, दोन आणि पुष्कळ, एवढंच मोजता येतं. घड्याळ वापरत नाही. मी आकडे वाचताना तो मागून तोंडाने पों पों करतो, त्यामुळे परवा दाब सांगताना मला हसू आलं. वायरलेसवाल्याने विचारलं, "काका, वर कुणी आहे का?"

पहिले दोन दिवस रिकाम्या कपाशी बोलायची लाज वाटली. आता नाही वाटत. काल त्याला दाखवायला म्हणून बाहेर गेलो आणि ढग बघितले. मावशीची ती धुऊन धुऊन पातळ झालेली शाल आठवते? तसा रंग होता. हे आकड्यांत सांगायला जागा नाही म्हणून तुला सांगतो.

ऑफिसने नवे बूट पाठवलेत, एक नंबर लहान. ते पाहुण्याने घातले आणि टाचेला फोड आला. बदलून मागूया म्हटलं तर म्हणाला, कशाला कटकट, सैल होतील.

तुझा ठोकळा


२१ नोव्हेंबर

प्रिय ठोकळ्या, नव्हे, लेखक महाशय,

अरे काय हे! मी पत्र वर्गात वाचून दाखवलं. कंडक्टर इतके हसले की खुर्चीचा उरलेला पायही गेला. डॉक्टर विचारत होते की बँडवाल्याचे दात कसे आहेत. (कळव. ते खरोखर काळजीत आहेत.) मावशीच्या शालीपाशी मी थांबले आणि ती ओळ पुन्हा वाचली. एवढी वर्षं हे कुठे ठेवलं होतंस रे?

आता पुढची पायरी. सुखी माणसाची गोष्ट होत नाही. तुझा पाहुणा खातो, झोपतो, पों पों करतो. छान, पण आता त्याला जरा अडचणीत आण. त्याला छळ. तो फोड वाया घालवू नकोस, मोठा कर. माणूस दुखण्यात कसा वागतो त्यावरून तो कळतो. मोकळ्या हाताने लिही, दयामाया दाखवू नकोस.

तुझी ताई


३० नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

मी बरा आहे. पाहुणा बरा नाही.

छळ म्हणालीस. छळायला मला काही करावं लागलं नाही. टाचेचा फोड फुटला, चिघळला. घोटा सुजून लोडासारखा झालाय. बूट जात नाही, म्हणून पायाला टॉवेल गुंडाळून यंत्रांपर्यंत जावं लागतं. परत येऊन कॉटवर पडला की दात वाजतात, दोन ब्लँकेटं पुरत नाहीत, आणि थोड्या वेळाने सगळी ब्लँकेटं लाथाडून देतो. औषधाच्या पेटीतल्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरं होतं. मग गोळ्या संपल्या.

लाली टाचेवरून वर चढते आहे. गुडघ्याखाली पेनाने रेघ मारली आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रोज तीन वेळा बघायचं. लाली रेघ ओलांडून गेली की नवी रेघ. आता तिसरी रेघ आहे.

ओरडत मात्र नाही. अण्णांच्या पायात खिळा घुसला होता तेव्हाचं आठवतं? खिळा उपटला, मोजा चढवला आणि कामावर गेले. आई म्हणाली, "पाहिलंत पोरांनो, ब्र काढला नाही." त्या दिवसापासून आपल्या घरात कुणी ब्र काढला नाही. पाहुणा तसाच निघाला. म्हणतो, कुणाला कळवू नकोस. कळवलं तर खाली नेतील, आणि एकदा खाली नेलं की पुन्हा वर येऊ देणार नाहीत. खाली त्याचं कुणी नाही.

ताई, तुझ्या वर्गाला विचार. पाहुण्याने काय करावं? लवकर कळव.

तुझा ठोकळा

ता. क. दात चांगले आहेत असं डॉक्टरांना सांग.


५ डिसेंबर

प्रिय ठोकळ्या,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. हिशेबनीस बाईंनी रुमाल काढला. "हे खर..." एवढं त्यांच्या तोंडून निघालंही, पण मी ओठांवर बोट ठेवलं. कायदा म्हणजे कायदा.

तुझ्या प्रश्नावर मतं घेतली. डॉक्टर म्हणतात, पाय कापा. (दातांचा डॉक्टर तो, उपटण्याखेरीज दुसरं काय सुचणार?) कंडक्टर म्हणतात, मरू द्या, शेवट दणदणीत होतो. बाई म्हणाल्या, कुणीतरी जाऊन त्याला आणा. माझं मत असं की इतक्यात काही करू नकोस. ताण आहे तोवर वाचणारा हलत नाही. त्याला अजून दोन पत्रं तसाच पडून राहू दे.

एक चूक मात्र दाखवते, रागावू नकोस. ती पेनाची रेघ. तुझा बँडवाला एक, दोन आणि पुष्कळ एवढंच मोजतो. घड्याळ वापरत नाही, दुपारपर्यंत लोळतो. असा माणूस दिवसातून तीन वेळा पाय मोजेल? लाली बघून रेघा मारेल? त्याच्या स्वभावात हे बसत नाही. रेघ काढून टाक. बाकी अप्रतिम.

तुझी ताई


डोंगराच्या पायथ्याचं गाव, ऑफिसच्या बाहेरचा बाक
९ डिसेंबर

माझ्या राजा,

मी इथे आले आहे. तुझ्या डोंगराच्या खाली. वर बघते तर नुसता पांढरा पडदा, काही दिसत नाही.

कसं झालं ते सांगते. लिहीत राहिले नाही तर मला वेड लागेल. काल वर्गात हिशेबनीस बाईंनी त्यांची गोष्ट वाचली, एका उधळ्या राणीची. राणी हिरे वाटते, मेजवान्या देते, आणि प्रत्येक दालनातून निघताना दिवा मालवते. सगळे हसायला लागले. कंडक्टर म्हणाले, "बाई, ही राणी नाही, ही तुम्ही!" मीही हसले. आणि हसता हसता मला तुझं पत्र आठवलं.

रेघ. ती बँडवाल्याची नव्हती. दिवसातून तीन वेळा मोजणारा, वर गेलं की नोंद करणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे. टॉवेल गुंडाळून यंत्रांपर्यंत कोण जातं? पाहुण्याला यंत्रांपाशी काय काम? तू ओरडून सांगत होतास आणि मी शाबासकी देत बसले. वर म्हटलं, अजून दोन पत्रं पडून राहू दे. जीभ झडो माझी.

वर्ग तसाच टाकून तुझ्या ऑफिसात फोन केला. वायरलेसवाला म्हणाला, "आकडे वेळेवर येतायत की. एकही चुकलेला नाही." साहेबांना फोनवर बोलवायला लावलं तर ते म्हणाले, "बाई, गोष्टीतल्या माणसाचा पाय दुखतोय म्हणून मी बर्फात माणसं पाठवू? रस्ता बंद आहे. गुरुवारची जीप अर्ध्या वाटेतून परत आलीय." म्हणजे माझं ते घाणेरडं पत्र तुला मिळालेलं नाही, एवढाच काय तो दिलासा. मी त्यांना सांगितलं की मी तिथे येऊन बसते, मग हलत नाही. रात्रीच्या बसने निघून आले आणि सकाळपासून या बाकावर ठाण मांडून बसले आहे. शिपाई दोनदा म्हणाला, "आजी, घरी जा." आजी म्हणे!

वायरलेसवर बाहेरच्यांचे खाजगी निरोप द्यायची परवानगी नाही म्हणतात. तरी दुपारी त्या वायरलेसवाल्याला माझी दया आली. तुझे आकडे संपल्यावर त्याने विचारलं, "काका, तुमच्या ताई इथे बसल्यात. त्या विचारतायत, खरंच का?"

मी दारात उभी होते. आधी खरखर. मग तुझा आवाज आला. वाऱ्याचा वेग. तू वाऱ्याचा वेग पुन्हा वाचलास. तोच आकडा, सावकाश. आणि बंद केलंस.

साहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, "आठ वर्षांत या माणसाने एकही आकडा दोनदा वाचलेला नाही." उठून त्यांनी फोन घेतला. पहाटे बर्फातली वाट माहीत असलेले चौघे स्ट्रेचर घेऊन निघणार आहेत. हे पत्र त्यांच्या मुकादमाच्या खिशात देते आहे.

ठोकळ्या, मी कायदा मोडला. बरं केलं. यंत्र बसलं तर बसू दे, खड्ड्यात गेलं ते यंत्र. खाली तुझं कुणी नाही म्हणालास. मी काय मेले होते? जागा राहा. पाहुण्यालाही जागा ठेव.

ताई


केंद्र
९ डिसेंबर

ताई,

तू खाली आहेस असं कळलं. हे पत्र पेटीत टाकता येणार नाही, चाक फिरवायला उभं राहवत नाही. उशीखाली ठेवतो. कुणी आलं तर सापडेल.

"खरंच का?" ऐकलं आणि 'हो' म्हणायला तोंड उघडलं. आलं नाही. दोन अक्षरंही नाहीत, एकच, तरी आलं नाही. जीभ जे ओळखते तेच बोलली. पन्नाशी उलटली तरी अण्णांचा मोजा तोंडात कोंबलेला आहे.

मी तुला फसवत नव्हतो. त्या पत्राला बसलो तेव्हा खरंच पाहुण्याचंच लिहायचं ठरवलं होतं. पण 'घोटा सुजलाय' असं लिहिलं आणि इतकं हायसं वाटलं की पुढचं हात आपोआप लिहीत गेला. एवढ्या दिवसांत पायाबद्दल कुणाशी तरी बोललो तो तेवढाच. वाटलं होतं, तू ओळखशील. मग वाटलं, नाही ओळखलंस तरी लिहायला तर मिळालं.

पाय माझा आहे. चौथी रेघ गुडघ्याच्या वर आहे. पाचवी मारायला पेन हातात धरवत नाही.

खिडकीबाहेर बघतो आहे. न बघता सांगत नाही, खरोखर बघतो आहे. बर्फ थांबलेलं नाही. पाहुणा समोरच्या खुर्चीत बसलाय, पों पों करत नाही. भीती वाटते, ताई. हेही त्यालाच सांगितलं होतं, आता तुला सांगतो.

मी


रुग्णालय, पुरुष विभाग, खिडकीजवळची खाट
४ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

तू घरी जाऊन चार दिवस झाले आणि इथे कुणी मला ठोकळा म्हणत नाही, त्यामुळे करमत नाही. पाय शाबूत आहे. दोन बोटं गेली त्यांचं काही वाटत नाही. आठ उरली, पाहुण्याच्या हिशेबात म्हणजे पुष्कळ.

वर यंत्र बसलं. वायरलेसवाला भेटायला आला होता, तो सांगत होता. पहिल्याच दिवशी वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्यांत बर्फ साचला म्हणून यंत्राने वाऱ्याचा वेग शून्य सांगितला, आणि बाहेर छप्परं उडत होती. मी हसलो, मग तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिलो. तो डोंगर माझा होता, ताई. त्याचं दुःख व्हायचं तेवढं झालं आणि अजून होतं आहे. तुझ्या मागच्या खोलीत खिडकी आहे ना? पूर्वेकडे असली तर बरं.

तुझं ते पाच तारखेचं पत्र ड्रायव्हरने आणून दिलं. तू फाडायला सांगितलं होतंस, मी वाचलं. दातांच्या डॉक्टरांना कळव की त्यांचं मत बोटांपुरतं पाळलं गेलं. कंडक्टरसाहेबांना सांग, माफ करा, दणदणीत शेवट जमला नाही. आणि हिशेबनीस बाईंना माझा नमस्कार सांग. वर्गात बसायला आलो की त्यांच्या शेजारची खुर्ची मला द्यायची. तिला चारही पाय असावेत.

आता एक शेवटचं. इथे रोज पट्टी बदलतात. बदलताना नर्सबाई विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" आकड्यांत विचारतात, म्हणजे माझ्याच भाषेत. पहिल्या दिवसापासून मी 'शून्य' सांगत होतो. त्या लिहून घ्यायच्या. शून्य, शून्य, शून्य. तू दारात उभी राहून ऐकायचीस आणि ओठ आवळायचीस, ते मला दिसायचं.

आज पट्टी सोडली आणि त्यांनी विचारलं, "किती?" मी सवयीने तोंड उघडलं. मग थांबलो. खुर्चीत पाहुणा बसला होता, त्याच्याकडे बघितलं. त्याला म्हटलं, तू सांग बाबा, तुला किती दुखतंय?

तो म्हणाला, पुष्कळ.

मी नर्सबाईंना सांगितलं, "आठ." त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हणालो, "आठ. खूप दुखतंय, बाई." मग त्या मला सुई देऊन माझ्याजवळ बसून राहिल्या, आणि पट्टी त्यांनी अगदी हळू बदलली.

तुझा ठोकळा